घरी शिकणारं मूल एकटं पडतं का?

‘मुलाला घरी शिकवलं की ते एकलकोंडं होतं, विशेष गरजा असतील तर आणखीच,’ असा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. काळजी रास्त आहे. पण शाळेत जाणं वेगळं, माणसांत मिसळणं वेगळं. काही स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना घंटेचा, ३०-४० जणांच्या गलक्याचा फार त्रास होतो. कान झाकून बसलेलं मूल भरल्या वर्गातही एकटंच असतं. घरी तेच १० मिनिटं वाचतं, उठून उड्या मारतं, पुन्हा पुस्तकाकडे येतं. बरेच पालक घर निवडतात ते या मोकळिकीसाठी, मुलाला लपवायला नव्हे. अर्थात, घरात कोंडलंच तर एकटेपणा येणारच. पडताळायचंय? मुलाचा एक आठवडा लिहून काढा: घराबाहेरचं कोण भेटलं, कुणाशी खेळणं झालं, भांडण झालं का? (भांडण हीसुद्धा मैत्रीचीच खूण.)