जळूवर मीठ टाकू नका राव

लातूर-नांदेडकडून कोणी पहिल्यांदा कर्नाटकातल्या आगुंबेच्या जंगलात कॅम्पिंगला निघालं की घरचे मिठाची पुडी बांधून देतात, का तर जळू चिकटली की मीठ टाका नाहीतर काडीचा चटका द्या. हे लई जुनं अन् चुकीचं आहे. जळू सुटते खरी, पण सुटताना पोटातलं जखमेत ओकू शकते, मग इन्फेक्शनची भीती. त्यापेक्षा तिचं निमुळतं टोक बघा, तोंड तिकडंच असतं, तिथं कातडीलगत नख आडवं सरकवा, पकड सुटली की लगेच जाडं टोकही तसंच सोडवा अन् झटकून द्या. नंतर रक्त बराच वेळ वाहतं, तिच्या लाळेमुळं ते गोठत नाही, घाबरू नका, साबणानं धुऊन पट्टी दाबून बांधा. आपल्याकडं वर्षाला ७००-९०० मिलिमीटर पाऊस, तिथं ७००० च्या पुढं, त्यामुळं पावसाळ्यात जळवा भेटणारच, पँट मोज्यात खोचा.