स्मृतिपेशी येतात कुठून? टी पेशींच्या एका वादाची पार्श्वभूमी

विषाणूसंसर्गात सीडी८ टी पेशींची, म्हणजे बाधित पेशींना मारणाऱ्या पांढऱ्या पेशींची, संख्या फुगते, हे जुनं निरीक्षण. त्यातल्या किती पेशी खरोखर त्या विषाणूविरुद्धच्या असतात, हे मात्र १९९६पर्यंत नीट मोजता येत नव्हतं. पेशी पातळ करत करत प्लेटच्या खळग्यांत टाकायच्या, प्रतिजन (टी पेशी ओळखते तो विषाणूचा तुकडा) देऊन वाढवायच्या आणि कुठल्या खळग्यात मारक पेशी तयार होतात ते पाहायचं, अशी पद्धत होती. पुन्हा विभागू शकणाऱ्या पेशीच तिच्या हिशेबात येत. ऐन भरातल्या इफेक्टर, म्हणजे प्रत्यक्ष लढणाऱ्या, पेशी खळग्यातच मरत, आणि वाढलेल्या बहुतेक पेशी नुसत्या बघ्या आहेत असा चुकीचा निष्कर्ष निघे.

जॉन ऑल्टमन, मार्क डेव्हिस आणि सहकाऱ्यांच्या टेट्रामरने हे बदललं. टी पेशीला प्रतिजन धरून दाखवणारा एमएचसी रेणू एकटा असला तर टी पेशीच्या ग्राहीवरून काही सेकंदांत सुटतो. चार एकत्र जोडले, म्हणजे टेट्रामर केला, की पकड टिकते आणि सोबतच्या रंगद्रव्यामुळे पेशी मोजता येते. १९९८मध्ये रफी अहमद यांच्या गटाने एलसीएमव्ही विषाणूची लागण केलेल्या उंदरांत आठव्या दिवशी मोजलं, तर प्लीहेतल्या निम्म्याहून अधिक सीडी८ पेशी त्या विषाणूविरुद्धच्याच निघाल्या. पुढच्या काही आठवड्यांत त्यातल्या ९० ते ९५ टक्के मरतात.

मागे उरतात त्या स्मृतिपेशी, तोच विषाणू पुन्हा आला तर झटपट वाढणाऱ्या. पण उरतात कोण? २००३मध्ये सुझन केच आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ज्यांच्यावर आयएल-७ या पेशी जगवणाऱ्या संदेश-प्रथिनाचा ग्राही टिकून असतो त्या. दाह जोरात असला, आयएल-१२ हे दाहाचं संदेश-प्रथिन जास्त असलं, की टी-बेट हे जनुकांवर नियंत्रण ठेवणारं प्रथिन वाढतं आणि पेशी अल्पायुषी होते. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट कळली: सुरुवातीला सीडी४ या मदतनीस टी पेशींची मदत मिळाली नाही, तर पहिला हल्ला बऱ्यापैकी होतो, पण दुसऱ्या संसर्गात या पेशी नीट वाढत नाहीत.

खरा वाद वेगळाच होता. स्मृतिपेशी पहिल्या विभाजनापासून वेगळ्या निघतात, की लढून झालेल्या इफेक्टर पेशीच मागे फिरतात? २००७मध्ये पहिलंच विभाजन असमान असतं, त्यातून निघणाऱ्या दोन पेशी सारख्या नसतात, असं दिसलं आणि पारडं पहिल्या बाजूला झुकलं. २०१७मध्ये पीतज्वराची लस घेतलेल्यांना जड पाणी, म्हणजे ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) असलेलं पाणी, प्यायला दिलं गेलं. विभागणाऱ्या पेशीच्या डीएनएत ड्यूटेरियम बसतं आणि विभाजन थांबलं की तिथेच राहतं. स्मृतिपेशींत ते टिकून होतं: म्हणजे त्या पहिल्या दोन आठवड्यांत भरभरून वाढलेल्या, आणि नंतर वर्षाला एकदाही न विभागणाऱ्या. इफेक्टर अवस्थेच्या खुणाही त्यांच्या जनुकांवर होत्या. म्हणजे इफेक्टर पेशीच मागे फिरतात, याचा हा पुरावा निदान या लसीपुरता निर्णायक मानायला हवा.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या नेक्सकार१९ या कर्करोगावरच्या उपचाराला २०२३मध्ये मंजुरी मिळाली. अशा कार-टी उपचारांत, म्हणजे कर्करोग ओळखायला टी पेशींत बदल करून त्या परत देणाऱ्या उपचारांत, रुग्णाच्या पेशी शरीराबाहेर वाढवताना हाच प्रश्न समोर येतो. आयएल-२ या वाढीच्या संदेश-प्रथिनावर भरपूर आणि फार दिवस वाढवलेल्या पेशी इफेक्टरकडे ढळतात आणि शरीरात लवकर संपतात. आयएल-७ आणि आयएल-१५वर स्मृतीचे गुण अधिक टिकतात.