जीवाणूंची गणपूर्ती आणि दालचिनीची साल

वनस्पतींचा अर्क खाद्यातून दिला की कोळंबीला लस टोचल्यासारखं संरक्षण मिळतं, असा एक समज आहे. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारा’ हे विशेषण तर प्रत्येक बाटलीवर छापलेलं असतं. लस शरीराला शत्रूची ओळख करून देते आणि शरीर ती ओळख प्रतिपिंडांच्या रूपात जपून ठेवतं. कोळंबीच्या शरीरात प्रतिपिंडं तयारच होत नाहीत. त्यामुळे लसीची उपमा इथे लागू पडत नाही, आणि तिच्यापायी या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट झाकली जाते.

कोळंबीला संरक्षण नाही असं नाही. तिच्या रक्तद्रवात फिरणाऱ्या पेशी जीवाणू गिळतात, त्यांच्याभोवती गुठळी करतात. जीवाणूच्या भिंतीतली शर्करा ओळखली गेली की फिनॉलऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) जागं होतं आणि आक्रमक मेलॅनिनच्या काळ्या आवरणात गाडला जातो. कोळंबीच्या कवचावर जखमेच्या जागी काळा डाग दिसतो तो याच लढाईचा. काही वनस्पतींचे अर्क ही यंत्रणा थोडी आधीच जागी करून ठेवतात, आणि प्रयोगांमध्ये त्याचा फायदाही दिसला आहे. पण सतत जागं ठेवलेलं सैन्य दमतं आणि खर्चिकही असतं. कोळंबीची जी ऊर्जा वाढीला लागायची ती इथे जाते.

दुसरा मार्ग थेट मारण्याचा. लसूण ठेचल्यावर तयार होणारं ॲलिसिन जीवाणूंना मारतं, पेरूच्या पानांचा अर्कही मारतो. हरळीच्या अर्काने टायगर कोळंबीचा व्हाइट स्पॉट विषाणूपासून बचाव झाल्याचे निष्कर्ष भारतीय संशोधकांनी २००७ च्या सुमारास प्रसिद्ध केले. हा विषाणू तळ्यात शिरला की तीन ते दहा दिवसांत जवळजवळ सगळी कोळंबी मरू शकते, म्हणून अशा निष्कर्षांकडे लक्ष जातंच. पण मला सांगायचं आहे ते तिसऱ्या मार्गाबद्दल. त्यात जीवाणू मरत नाही, त्याची कोळंबीशी झटापटही होत नाही. त्याला फक्त कळेनासं होतं की आपण किती जण आहोत.

कोळंबीचं बीज तयार करणाऱ्या केंद्रात एक रोग चक्क अंधारात दिसतो. रात्री टाकीवरचे दिवे मालवायचे आणि डोळे अंधाराला सरावू द्यायचे. मग मेलेली आणि मरायला टेकलेली पिल्लं निळसर-हिरवी उजळलेली दिसतात. समुद्रातले काही एकपेशीय जीव पाणी ढवळलं की क्षणभर चमकतात, तसा हा उजेड नसतो. हा संथ असतो आणि टिकून राहतो. तो व्हिब्रिओ हार्वेयी या जीवाणूचा. (या जीवाणूचा प्रयोगशाळेतला सगळ्यात प्रसिद्ध वाण आता व्हिब्रिओ कॅम्पबेली या भावाच्या नावावर नोंदला गेला आहे, पण जुनं नाव अजून सगळ्यांच्या तोंडी आहे.)

एकट्या जीवाणूचा उजेड कोणाला दिसणार? एकट्याने सोडलेलं विषही पाण्यात विरून जाणार. म्हणून तो एकटा असताना हा खर्च करत नाही. प्रत्येक जीवाणू छोटे रेणू बाहेर सोडत राहतो. गर्दी वाढली की पाण्यातलं त्या रेणूंचं प्रमाण वाढतं, आणि ते ठरावीक पातळीला पोचलं की सगळे एकदम कामाला लागतात. चमकणाऱ्या जीवाणूंमधला हा प्रकार नील्सन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांनी १९७० साली दाखवला. १९९४ पासून त्याला ‘कोरम सेन्सिंग’ म्हणतात. मराठीत त्याला तयार शब्द आहे: गणपूर्ती. पुरेसे सभासद हजर नसतील तर सभेत ठराव होत नाही, इथेही तसंच.

हे मोजणं चालतं कसं, ते जरा सविस्तर सांगतो. व्हिब्रिओ हार्वेयी एक नाही, तीन वेगवेगळे रेणू सोडतो. त्यातला एक फक्त जवळच्या नातलगांना कळतो, एक व्हिब्रिओ कुळातल्या इतरांना, आणि तिसरा असंख्य परक्या जीवाणूंनाही. म्हणजे ‘आपले किती’ आणि ‘एकूण किती’ अशा दोन्ही मोजण्या एकाच वेळी होतात. तिसऱ्या रेणूची रचना २००२ साली उलगडली तेव्हा त्याच्या मध्यभागी बोरॉनचा अणू निघाला. सजीवांच्या रसायनशास्त्रात बोरॉन क्वचितच भेटतो, पण समुद्राच्या पाण्यात तो मुबलक असतो. जीवाणूने हाताशी होतं तेच वापरलं!

तिन्ही रेणूंसाठी जीवाणूच्या पटलावर तीन वेगळे ग्राहक, म्हणजे तो तो रेणू ओळखून धरणारी प्रथिनं, असतात. रेणू कमी असताना हे ग्राहक फॉस्फेटचा एक गट आतल्या प्रथिनाला देतात, ते प्रथिन तो लक्सओ या प्रथिनाला देतं. फॉस्फेट मिळालेलं लक्सओ पाच छोटे आरएनए तयार करवतं, आणि हे आरएनए लक्सआर हे मुख्य प्रथिन बनवण्याचा संदेश नष्ट करतात. लक्सआर नाही म्हणजे उजेड नाही. गर्दी झाली की रेणू ग्राहकांना चिकटतात आणि ग्राहकांचं काम उलटं होतं: ते फॉस्फेट देण्याऐवजी काढून घेऊ लागतात. मग लक्सओ थंडावतं, पाचही आरएनए बंद पडतात, लक्सआर साठत जातं, आणि ते डीएनएवर ठिकठिकाणी बसून उजेडाची, चिकट थरांची आणि ऊती विरघळवणाऱ्या विकरांची जनुकं चालू करतं. तीन कानांनी ऐकलेलं सगळं शेवटी एका लक्सआरपाशी येऊन मिळतं, ही गोष्ट पुढे महत्त्वाची आहे.

या व्यवस्थेत खोडा घालायची युक्ती निसर्गात आधीपासून आहे. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर डेलिसिया पल्क्रा नावाचं लाल शैवाल वाढतं. त्याच्या अंगावर जीवाणूंचे थर फारसे साचत नाहीत. सिडनीच्या संशोधकांनी शोध घेतला तेव्हा कळलं, की ते फ्युरॅनोन नावाची ब्रोमीनयुक्त संयुगं सोडतं आणि त्यांनी जीवाणूंचं आपसातलं बोलणं बिघडतं. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या गटाने २००८ साली दालचिनीच्या वासाचा रेणू, सिनामाल्डिहाइड, तपासला. जीवाणूंची वाढ रोखणार नाही इतक्या कमी प्रमाणातही त्याने लक्सआरची डीएनएवरची पकड सैल केली. म्हणजे तीन कान बंद करायची गरजच नाही, ठराव जिथे मंजूर होतो तिथेच अडवायचं. सिनामाल्डिहाइड आणि त्याच्यासारख्या संयुगांमुळे व्हिब्रिओची लागण झालेल्या सूत्रकृमींपैकी जास्त जगल्या.

मला हे इतकं मोलाचं वाटतं त्याचं कारण प्रतिजैविकं. प्रतिजैविक जीवाणूला मारतं, त्यामुळे जो वाचतो त्याचीच प्रजा तळं भरून टाकते. नुसतं गप्प केलेल्या जीवाणूवर मरणाचा दबाव नसतो, त्यामुळे प्रतिरोध पसरायला लागणारी ओढ कमी असावी असा तर्क आहे. कमी, शून्य नव्हे. गप्प करणाऱ्या रेणूंनाही दाद न देणारे जीवाणू प्रयोगशाळेत निघाले आहेत. शिवाय गणपूर्ती मोडली की सगळीच हत्यारं म्यान होतात असंही नाही. यजमानाच्या पेशीत सुईने टोचावीत तशी प्रथिनं खुपसण्याची व्हिब्रिओ हार्वेयीची यंत्रणा गर्दी कमी असतानाच चालू असते आणि लक्सआर तिला बंद करतं!

आता ‘नैसर्गिक आहे, मग अपाय कसला’ या वाक्याबद्दल. डेरिस या वनस्पतीच्या मुळातलं रोटेनोन नैसर्गिकच आहे आणि ते मासे मारतं. कडुनिंबातलं ॲझाडिरॅक्टिन कीटकांची कात टाकण्याची प्रक्रिया बिघडवतं. ती प्रक्रिया एक्डायसोन गटातल्या संप्रेरकांवर चालते, आणि कोळंबीही त्याच संप्रेरकांवर कात टाकून वाढते. किडीवरचं औषध किडीच्या नातलगाला खाऊ घालताना निदान एवढा विचार हवा. फ्युरॅनोनचंही तसंच आहे: संरक्षण देणारी मात्रा आणि पिल्लांनाच मारणारी मात्रा यांत फार अंतर नाही.

तळ्यात उतरलं की साधं गणितही आडवं येतं. एक हेक्टरचं, एक मीटर खोल तळं म्हणजे १ कोटी लिटर पाणी. लिटरमागे एक मिलिग्रॅम संयुग राखायचं तर दहा किलो शुद्ध संयुग ओतावं लागेल, तेही ते उडून किंवा कुजून जाईपर्यंतच पुरेल. म्हणून अर्क खाद्यातून द्यायचा असं ठरतं. पण कोळंबी खाते कशी ते पाहा. मासा दाणा गिळतो, कोळंबी तो पायांत धरून तोंडाशी कुरतडत बसते. दाणा मऊ होतो, कण सुटतात, आणि पाण्यात विरघळणारा अर्क पोटात जाण्याआधीच निघून जातो. दाण्यावर तेलाचा किंवा डिंकासारखा लेप दिला तर गळती कमी होते, थांबत नाही. त्यात पानं कोवळी होती की जून, अर्क पाण्यात काढला की अल्कोहोलमध्ये, यावर त्यातलं संयुगाचं प्रमाण बदलतं. बाटलीवर वनस्पतीचं नाव असतं, त्या संयुगाचं प्रमाण नसतं. मग आज लागू पडलेली मात्रा पुढच्या खेपेला लागू पडेल याची खात्री कशी देणार?

म्हणून या रेणूंची पहिली खरी जागा मला बीजोत्पादन केंद्राची टाकी वाटते. तिथे पाणी मोजकं असतं, पिल्लं लहान असतात, आणि रोग उजेडाने स्वतःची नोंद ठेवतो. रात्री दिवे मालवून चमक पाहायची, आणि त्याच पाण्याचा थेंब ताटलीतल्या आगरवर (जीवाणू वाढवायच्या जेलीवर) पसरून दुसऱ्या दिवशी व्हिब्रिओच्या वसाहती मोजायच्या. चमक गेली आणि वसाहतीही गेल्या, तर अर्काने जीवाणू मारले. चमक गेली, पिल्लं जगली आणि वसाहती मात्र तेवढ्याच राहिल्या, तर जीवाणू तिथेच आहेत, फक्त त्यांची सभा भरलेली नाही.