कन्कशनच्या लक्षणांचे कथन (महाविद्यालयीन क्रीडा)

डोक्याला, मानेला किंवा शरीराच्या अन्य भागाला बसलेला धक्का मेंदूपर्यंत पोहोचून त्याच्या कार्यात तात्पुरता बिघाड होतो, त्याला कन्कशन म्हणतात. त्यानंतर जाणवणारा त्रास खेळाडूने आपण होऊन संघाच्या क्रीडावैद्यक कर्मचाऱ्यांना, प्रशिक्षकाला किंवा डॉक्टरांना सांगणे म्हणजे लक्षणांचे कथन होय. या वर्तनाचा बराचसा अभ्यास अमेरिकेत, तेथील नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशनच्या (एनसीएए) अखत्यारीतील अमेरिकी फुटबॉल, आइस हॉकी, सॉकर, कुस्ती अशा खेळांच्या संदर्भात झालेला आहे.

हाड मोडले तर ते क्ष-किरण चित्रात दिसते. कन्कशन मात्र नेहमीच्या सीटी स्कॅनमध्ये किंवा एमआरआयमध्ये सहसा दिसत नाही. शुद्ध हरपणे ही त्याची ठळक खूण असल्याचा समज रूढ असला, तरी दहापैकी एकाहून कमी प्रकरणांत तसे घडते. डोकेदुखी, गरगरणे, मळमळ, उजेड व आवाज सहन न होणे, विचार मंदावणे ही उरलेली लक्षणे ज्याची त्यालाच कळतात. त्यामुळे निदानाचा मोठा भाग खेळाडूच्या शब्दावर अवलंबून राहतो. तपासणीसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘स्कॅट’ या साधनात २२ लक्षणांची यादी असून प्रत्येकाची तीव्रता ० ते ६ या श्रेणीत खेळाडूनेच सांगायची असते. म्हणजे १३२ पैकी शून्य गुण हे बरे असण्याचे चिन्ह असू शकते, तसेच गप्प बसण्याचेही. मैदानाच्या कडेला ‘आपण आत्ता कुठे खेळत आहोत’, ‘शेवटचा गोल कोणी केला’ असे प्रश्न विचारतात. त्यांची अचूक उत्तरे देऊन परत खेळायला गेलेल्या खेळाडूचे डोके काही तासांनी, परतीच्या प्रवासात किंवा रात्री पुस्तक उघडल्यावर ठणकू लागते, आणि तेव्हा विचारणारे कोणी जवळ नसते.

लक्षणे न सांगण्यामागे दरवेळी लपवाछपवीच असते असे नाही. कडक उन्हातील सराव, कमी पाणी, जागरण आणि परीक्षेचा ताण यांनीही डोके दुखते, आणि खेळाडू बहुधा यांपैकीच एखाद्या कारणावर बोट ठेवतो. मायकेल मॅक्री व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये माध्यमिक शाळांतील फुटबॉल खेळाडूंविषयी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत कन्कशन झालेल्यांपैकी निम्म्याहून कमी मुलांनी ते कोणाला सांगितले होते. दुखापत तेवढी गंभीर वाटली नाही, हे त्यांनी दिलेले सर्वांत मोठे कारण होते. त्याखालोखाल खेळ सोडायचा नव्हता, आणि हे कन्कशन आहे हेच कळले नाही, ही कारणे होती. महाविद्यालयीन खेळाडूंना लक्षणांची माहिती दरवर्षी दिली जाते, त्यामुळे अज्ञानाची सबब तेथे पुरेशी ठरत नाही. संघातील पक्की जागा, शिष्यवृत्ती, व्यावसायिक संघात निवड होण्याची आशा, शेवटचा हंगाम आणि सहकाऱ्यांना तोंडघशी पाडल्याची भावना यांचे पारडे माहितीपेक्षा जड होते. एमिली क्रोशस व सहकाऱ्यांच्या २०१५ मधील अभ्यासात एक चतुर्थांशाहून अधिक महाविद्यालयीन खेळाडूंनी, डोक्याला मार लागल्यानंतरही खेळत राहण्याचा दबाव प्रशिक्षक, सहखेळाडू, पालक किंवा प्रेक्षक यांपैकी कोणाकडून तरी आल्याचे सांगितले.

सामने चुकू नयेत म्हणून गप्प राहणे हा हिशेब बहुधा उलटाच बसतो. फ्लोरिडा विद्यापीठातील खेळाडूंविषयी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार निम्म्याहून किंचित अधिक जणांनी दुखापत उशिरा सांगितली होती, आणि लगेच बाहेर पडलेल्यांच्या तुलनेत त्यांना सुमारे पाच दिवस अधिक मैदानाबाहेर राहावे लागले. मेंदू सावरण्यापूर्वी दुसरा धक्का बसल्यास क्वचित प्राणघातक सूज येते, असेही वर्णन वैद्यकीय साहित्यात आहे. मात्र तिच्या नेमक्या कारणाबद्दल मतभेद आहेत.

एनसीएएने २०१० मध्ये प्रत्येक सदस्य महाविद्यालयाला कन्कशन-व्यवस्थापनाची योजना बंधनकारक केली. तीनुसार दुखापत व लक्षणे कळवण्याची जबाबदारी आपली आहे, अशा निवेदनावर खेळाडूची सही घेतली जाते, आणि निदान झालेल्याला त्या दिवशी पुन्हा खेळता येत नाही. ज्याचे बोलण्याने सर्वाधिक नुकसान होणार, त्याच्यावरच बोलण्याचा भार टाकणारी ही सही स्वतःहून फारसे काही साधत नाही. म्हणूनच काही परिषदांनी (आपसांत स्पर्धा खेळणाऱ्या महाविद्यालयांच्या गटांनी) सामन्यावर वरून लक्ष ठेवणारे स्वतंत्र वैद्यकीय निरीक्षक नेमले. अडखळणारा, भलत्याच बाजूला जाऊन उभा राहणारा खेळाडू त्यांनी हेरायचा असतो. सहखेळाडूने खबर देणे हा दुसरा मार्ग; पण प्रशिक्षकाने अशा खबरीला चहाडी मानले, तर तो लगेच बंद होतो. एनसीएए आणि अमेरिकी संरक्षण खात्याने २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘केअर’ या संयुक्त संशोधन-प्रकल्पात महाविद्यालयीन खेळाडूंबरोबर लष्करी अकादम्यांतील छात्रांचाही समावेश आहे.

कथनाचा प्रश्न निदानापाशी संपत नाही. दुखापतीनंतर तुलना करता यावी म्हणून हंगामापूर्वी घेतल्या जाणाऱ्या आधारभूत चाचणीत काही खेळाडू मुद्दाम कमी गुण मिळवतात, जेणेकरून दुखापतीनंतरची घसरण दिसू नये. पुढे परतीच्या टप्प्यांत ‘आता काही त्रास नाही’ असे वेळेआधी सांगितले जाते. त्यामुळे हलका व्यायाम, धावणे, संपर्काविना सराव असे टप्पे साधारणपणे किमान एकेका दिवसाच्या अंतराने दिले जातात, आणि श्रमाने त्रास उलटल्यास खेळाडूला मागच्या टप्प्यावर आणले जाते.