ऑटोइम्यून आजार आणि ग्रेन-फ्री खाणं: वाटीत काय बदलावं, काय बदलू नये

प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडू लागली की कुत्र्याच्या हिरड्या पांढुरक्या किंवा पिवळसर दिसतात, लघवी गडद तपकिरी होते आणि एक-दोन दिवसांत त्याला जिना चढणंही जमेनासं होतं. हा इम्यून-मीडिएटेड हिमोलिटिक अ‍ॅनिमिया. प्लेटलेट्स नष्ट करणारा थ्रॉम्बोसायटोपेनिया, नाकावर, कानांवर आणि पंजांच्या गाद्यांवर खपल्या आणणारा पेम्फिगस, सांधे सुजवणारा पॉलिआर्थ्रायटिस ही त्याचीच भावंडं. निदान झालं की घरातून लगेच प्रश्न येतो: गहू-तांदूळ बंद करून ग्रेन-फ्री खाद्य सुरू करायचं का?

या चारही आजारांत धान्य बंद केल्याने प्रतिकारयंत्रणा शांत होते, असा पुरावा नाही. ग्लुटेनचा, म्हणजे काही धान्यांतल्या चिकट प्रथिनाचा, दोष सिद्ध झालेले आजार वेगळे आणि मोजके आहेत. आयरिश सेटर जातीत आनुवंशिक ग्लुटेन-संवेदी आतड्याचा आजार आढळला आहे. बॉर्डर टेरियरमध्ये शुद्ध न हरपता अंग आखडण्याचे झटके येतात आणि ग्लुटेन बंद केल्यावर अनेक कुत्र्यांचे झटके कमी होतात किंवा थांबतात. पण ग्लुटेन गव्हात आणि जवात असतं. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणीत नसतं. म्हणजे ज्याला ग्लुटेन खरोखर सोसत नाही, त्या कुत्र्यालाही ज्वारीची भाकरी चालते. अट एकच: पीठ गव्हानंतर त्याच जात्यातून आलेलं नको. गिरणीत दळण देत असाल तर ज्वारी घरच्या चक्कीवर दळा किंवा सरळ तांदूळ शिजवा.

कुत्रा मुळात मांसाहारी, त्याला धान्य पचतच नाही, हा युक्तिवादही टिकत नाही. २०१३ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या स्वीडिश संशोधकांच्या अभ्यासात लांडग्यांमध्ये पिष्ट (स्टार्च) पचवणाऱ्या एएमवाय२बी जनुकाच्या दोन प्रती, तर कुत्र्यांमध्ये ४ ते ३० प्रती आढळल्या. माणसाच्या सोबतीने कुत्र्याचं पोट बदललं आहे.

अन्नाची अ‍ॅलर्जी हा आणखी वेगळा विषय. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अन्नामुळे त्वचेचा त्रास होणाऱ्या २९७ कुत्र्यांची नोंद तपासली गेली. त्यात गोमांस ३४ टक्के, दुग्धजन्य पदार्थ १७, कोंबडी १५ आणि गहू १३ टक्के कुत्र्यांना बाधला होता. तांदळाचा वाटा जेमतेम २ टक्के. आपल्याकडच्या दूध-पोळीत या चारांपैकी दोन पदार्थ एकाच वाटीत येतात. खाजवणाऱ्या कुत्र्याच्या घरी ती थांबवून पाहणं रास्त आहे, पण त्याने पेम्फिगस बरा होईल अशी आशा लावू नये.

मग ‘ग्रेन-फ्री दिलं आणि सुधारला’ असं इतके लोक प्रामाणिकपणे का सांगतात? कारण त्याच आठवड्यात प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइडही सुरू झालेलं असतं, साधारण किलोमागे रोज २ मिलिग्रॅम. एक-दोन आठवड्यांत हिमोग्लोबिन सावरू लागतं आणि श्रेय नव्या पाकिटाला मिळतं. उलटही घडतं. मायकोफेनोलेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधामुळे अनेक कुत्र्यांना जुलाब होतात, खापर अन्नावर फुटतं आणि पंधरा दिवसांत तीन ब्रँड बदलले जातात. म्हणून नवं औषध आणि नवं खाद्य एकाच वेळी सुरू करू नका. सर्वांत धोक्याचं म्हणजे अन्नाने फरक पडला असं समजून स्टेरॉइड एकदम थांबवणं. आजार उलटतोच, शिवाय औषधामुळे झोपी गेलेल्या, शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणाऱ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी वेळेवर जाग्या न झाल्याने कुत्रा कोसळू शकतो.

अन्नाचा संशय असेलच, तर चाचणी नीट करावी. कुत्र्याने पूर्वी कधीही न खाल्लेलं एक प्रथिन आणि एक पिष्ट निवडा, उदाहरणार्थ ससा आणि रताळं; किंवा डॉक्टरांकडून हायड्रोलाइज्ड खाद्य घ्या. त्यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की प्रतिकारयंत्रणा सहसा ते ओळखत नाही. (या खाद्यांत अनेकदा तांदूळ किंवा मक्याचा स्टार्च असतो, तरी ती काम करतात.) आतड्याच्या तक्रारींत फरक बहुधा दोन आठवड्यांत दिसतो, त्वचेला आठ आठवडे द्यावे लागतात. या काळात बिस्किटं, दूध आणि मांसाच्या चवीच्या चघळायच्या जंताच्या गोळ्याही बंद. सुधारणा झाली तर जुनं खाणं परत देऊन पाहायचं; दोन आठवड्यांत त्रास उलटला तरच अन्न दोषी. कुत्रा स्टेरॉइडवर असताना ही चाचणी वाचताच येत नाही, कारण खाज औषधाने आधीच दाबलेली असते. लाळेच्या किंवा केसांच्या ‘अन्न-अ‍ॅलर्जी चाचण्यां’वर पैसे घालवू नका, त्यांचे निष्कर्ष भरवशाचे नाहीत.

ग्रेन-फ्री पाकिटांचा खरा प्रश्न हृदयाचा आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, जुलै २०१८ मध्ये डायलेटेड कार्डिओमायोपथीची चौकशी जाहीर केली. या आजारात हृदयाचा स्नायू पातळ आणि ढिला होतो. जानेवारी २०१४ ते एप्रिल २०१९ या काळातल्या ५२४ नोंदींपैकी ९० टक्क्यांहून अधिक खाद्यं ग्रेन-फ्री होती आणि ९३ टक्क्यांत वाटाणा किंवा मसूर होता. अशा नोंदींवरून कारण सिद्ध होत नाही. ते आजही पक्कं झालेलं नाही. पण खाद्य बदलल्यावर काही कुत्र्यांचं हृदय सुधारलं, ही गोष्ट बाजूला सारण्यासारखी नाही. धान्य काढलं की त्या जागी कडधान्यं आणि बटाटा येतो, आणि संशय तिथेच आहे. घटकांच्या यादीत ‘वाटाणा’, ‘वाटाण्याचं प्रथिन’, ‘वाटाण्याचा स्टार्च’ असे तुकडे वेगवेगळे छापलेले असतात. ते एकत्र धरा. बेरीज केली की वाटाणाच अनेकदा पहिल्या क्रमांकावर जातो. असं खाद्य महिनोन् महिने दिलं असेल तर टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या. घरी गाढ झोपेतले श्वास एक मिनिट मोजा. ते सातत्याने ३० च्या वर असतील तर डॉक्टरांकडे जायला थांबू नका.

ग्रेन-फ्री म्हणजे कमी पिष्टाचं, हाही गैरसमज. पाकिटावरची प्रथिनं, मेद, तंतू आणि ओलावा यांची बेरीज करा, खनिजांची राख छापलेली नसेल तर ८ धरा आणि १०० मधून वजा करा. प्रथिनं २८, मेद १५, तंतू ४, ओलावा १० असेल तर पिष्ट ३५ टक्के निघतं.

उपचार चालू असताना वाटीपेक्षा आधी रक्ताकडे पाहावं. महाराष्ट्रात प्लेटलेट्स किंवा हिमोग्लोबिन घसरण्यामागे गोचिडींतून येणारे एर्लिकिया आणि बाबेसिया गिब्सोनी हे रक्तातले जंतू फार वेळा असतात. स्लाइडवर ते दिसले नाहीत तरी पीसीआर (जंतूंचा डीएनए शोधणारी चाचणी) करून घ्यावा. ते नजरेतून सुटले तर कुठलंच खाणं उपयोगाचं नाही.

स्टेरॉइडमुळे भूक भयंकर वाढते, पण कुत्र्याच्या डोळ्यांकडे बघून वाढू नका, मोजून द्या. १० किलोच्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला ६०० ते ६३० कॅलरी पुरतात. साय, तूप, मटणाची चरबी टाळा. अ‍ॅझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असेल तर स्वादुपिंडाचा दाह होण्याचा धोका आधीच असतो. कच्चं मांस नको, कारण दाबलेल्या प्रतिकारशक्तीला साल्मोनेला हा जंतू आवरत नाही. याच गटातलं सायक्लोस्पोरिन उपाशीपोटी द्यायचं असतं: जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तास. आणि घरातला रस्सा किंवा सूप अजिबात नको. कांदा-लसूण तांबड्या पेशी फोडतात. हिमोलिटिक अ‍ॅनिमियाच्या कुत्र्यात ते आजार उलटल्यासारखं दिसतं आणि डॉक्टर नाइलाजाने औषध वाढवतात.

घरी शिजवायचं ठरवलं तर नुसतं कोंबडी-रताळं पुरत नाही. बिनहाडाच्या मांसात कॅल्शियमच्या १५-२० पट फॉस्फरस असतो. वरच्या १० किलोच्या कुत्र्याला रोज सुमारे ८०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. अंड्याचं टरफल उकळून, वाळवून, अगदी बारीक दळलं तर २ ग्रॅम भुकटीतून ते मिळतं. जस्त, तांबं, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व तरीही कमी पडतात, त्यासाठी पशुपोषणतज्ज्ञाने बांधून दिलेलं मिश्रण हवं. पाकिटातलं संपूर्ण खाद्य चालू असेल तर वर कॅल्शियम घालू नका.

खाद्य बदलताना ७ ते १० दिवस घ्या, दर दोन-तीन दिवसांनी पाव भाग वाढवत. मांजरीच्या बाबतीत अधिक सबुरी लागते. नवं खाद्य नाकारून ती एक-दोन दिवस उपाशी राहिली तर यकृतात चरबी साठू लागते, आणि जाड मांजरीत हे लवकर होतं. चोवीस तास तिने तोंड लावलं नाही तर जुनं खाद्य परत द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.