पीटो लेकचा फिरोजी रंग येतो कुठून?

कॅनडातल्या आइसफील्ड्स पार्कवेचे रील्स सध्या सगळीकडे फिरतायत. लेक लुईस ते जॅस्पर, साधारण २३० किलोमीटरचा रस्ता, दोन्ही बाजूंना स्प्रूस आणि पाइनचं दाट जंगल, आणि वळणावर अचानक बो लेक नाहीतर पीटो लेक. खाली कमेंट्स ठरलेल्या: फिल्टर लावलाय, पाण्यात तांबं आहे, आकाशाचं प्रतिबिंब आहे. तिन्ही चूक.

आकाशाचं आधी उरकून टाकू. आभाळ भरून राखाडी झालं तरी हा तलाव फिरोजीच राहतो. पोलराइज्ड गॉगल घातला तर वरची चमक कापली जाते आणि रंग उलट जास्त खुलतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये बोटीवरून समुद्राचा निळा रंग निकॉल प्रिझममधून (पोलराइज्ड गॉगलसारखं काम करणारा स्फटिक) तपासला होता, त्यामागे हीच युक्ती.

आता खरी गंमत. वर डोंगरात हिमनदी असते, बर्फ स्वतः तसा मऊ, पण त्याच्या तळाशी दगडगोटे अडकलेले असतात आणि वरून प्रचंड वजन, त्यामुळे ती सरकताना खालच्या चुनखडकावर पॉलिश पेपरसारखी घासत जाते. त्यातून दगडाचं पीठ पडतं, रॉक फ्लोअर म्हणतात त्याला. उन्हाळ्यात बर्फ वितळला की हे पीठ पाण्याबरोबर तलावात येतं.

पण मग ते तळाला का बसत नाही? बारीक कण पाण्यात किती वेगाने खाली जाईल हे त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतं. ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण १०० मीटर खोल तलावाचा तळ काही तासांत गाठतो. पिठाचा कण २ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे ५० पट लहान, म्हणून २५०० पट हळू, दिवसाला जेमतेम वीस सेंटिमीटर. तळाला पोचायला वर्षाहून जास्त लागणार, आणि त्यात वारा पाणी ढवळतो, तोवर पुढच्या उन्हाळ्याचं नवं पीठ हजर.

बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की हे कण फक्त निळा-हिरवा प्रकाश विखुरतात, आकाशात होतं तसं. मला हे पटत नाही, कारण तसं व्हायला कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूपच लहान लागतात (दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन), आणि हे कण बहुतेक त्याहून मोठे, ते सगळे रंग जवळपास सारखेच परत फेकतात. रंग निवडण्याचं काम पाणी करतं! पाण्याच्या रेणूतले ओ-एच म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजन बंध कंप पावतात, त्या कंपनाचे वरचे स्वर (ओव्हरटोन, म्हणजे मूळ कंपनापेक्षा जास्त वेगाची कंपनं) लाल प्रकाशाशी जुळतात, त्यामुळे लाल रंग काही मीटरमध्येच बराचसा शोषला जातो. जड पाण्यात हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे हायड्रोजनचाच जड प्रकार, असतो, ते स्वर इन्फ्रारेडकडे सरकतात आणि जड पाणी निळं दिसत नाही. म्हणजे पाणी लाल खातं आणि उरलेला निळा-हिरवा प्रकाश पीठ आपल्या डोळ्यांकडे परत पाठवतं. पुरावा समोरच असतो: जिथे ओढा तलावाला मिळतो तिथे पीठ खच्चून भरलेलं, प्रकाश आत शिरायच्या आधीच परत येतो, लाल शोषला जायला वेळच मिळत नाही, म्हणून तिथलं पाणी राखाडी दुधासारखं. जरा पुढे पीठ विरळ झालं की फिरोजी. आणि जूनमध्ये, बर्फ नुकता फुटलेला आणि नवं पीठ अजून फारसं आलेलं नसताना, तोच तलाव गडद निळा.

गोमुखाला भागीरथीचं पाणी गढूळ-दुधाळ दिसतं ते याच पिठामुळे. श्रद्धेने कुणी ते घरी आणलं तर माझं काहीच म्हणणं नाही, पण 'ग्लेशियरची औषधी खनिजं' म्हणून कोणी बाटल्या विकत असेल तर ते दळलेल्या दगडाचे पैसे आहेत.

पार्कवेला जायचं असेल तर जुलैचा मध्य ते ऑगस्ट धरा, आणि पीटोच्या व्ह्यू पॉइंटवर दुपारी जा, सूर्य डोक्यावर असला की प्रकाश खोलवर शिरतो. पण हे कायम असंच राहील असं समजू नका. पीटो हिमनदी वेगाने मागे हटतेय, तिच्या तोंडाशी आता नवा तलाव तयार झालाय, आणि पीठ खालच्या लेकपर्यंत पोचायच्या आधी त्यातलं काही तिथेच अडकतं. पुढे हिमनदी आणखी आटली की दळण कमी, पीठ कमी, आणि पीटो लेक इतर साध्या डोंगरी तलावांसारखा नितळ निळा होत जाईल.