सार्वजनिक ध्वनिकला

रस्ता, पूल, स्थानक, समुद्रकिनारा अशा खुल्या जागी, त्याच जागेसाठी योजलेल्या ध्वनिरचनेला सार्वजनिक ध्वनिकला म्हणतात. मैफलीला श्रोता ऐकण्यासाठी म्हणून आलेला असतो. इथे तो आपल्या कामाला निघालेला असतो, रचना त्याला वाटेत भेटते आणि किती वेळ ऐकायचे ते त्याचे पाय ठरवतात.

या कलेचे मर्म न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये सगळ्यांत स्पष्ट कळते. मूळचा तालवादक असलेल्या मॅक्स न्यूहाउसने १९७७ मध्ये तिथे पादचाऱ्यांच्या वाटेवरच्या एका लोखंडी जाळीखाली, भुयारी रेल्वेच्या वायुवीजनाच्या पोकळीत, आपली ध्वनियंत्रणा बसवली. जाळीवर उभे राहिले की मोठ्या घंटेच्या टोल्यानंतर रेंगाळणाऱ्या गुंजनासारखा भारदस्त नाद खालून येतो. चार पावले पुढे गेले की तो रहदारीत विरून जातो. जवळ पाटी नाही, कलावंताचे नाव नाही. हा निर्णय मोलाचा आहे, कारण पाटी नसल्यामुळे ऐकणाऱ्याला तो नाद आपला आपल्याला सापडतो. १९९२ मध्ये बंद पडलेली ही रचना २००२ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि तेव्हापासून रात्रंदिवस चालू असते.

शहरालाच वाद्य करण्याची कल्पना मात्र याहून जुनी आहे. आर्सेनी अव्रामोव्हने १९२२ मध्ये अझरबैजानमधील बाकू शहरात कारखान्यांचे आणि जहाजांचे भोंगे, तोफा व गायकवृंद एकत्र आणून एक प्रचंड सिंफनी घडवली. ती शहराला दणाणून सोडणारी होती. पुढच्या कलावंतांनी बहुधा उलटी वाट धरली: आहे त्या गोंगाटातच काय दडले आहे ते ऐकवायचे. बिल फोंटानाने २००६ मध्ये लंडनच्या मिलेनियम पुलाच्या तारांवर कंपने टिपणारी उपकरणे लावून, एरवी ऐकू न येणारा पुलाचा स्वर जवळच्या टेट मॉडर्न संग्रहालयात पोहोचवला. क्रिस्टिना कुबिश तारांची वेटोळी बसवलेले खास हेडफोन देऊन लोकांना शहरातून चालवते. दिवे, एटीएम, दुकानांच्या दारांतली सुरक्षायंत्रणा यांची विद्युतचुंबकीय क्षेत्रे त्यांत गुणगुणू, टकटकू लागतात.

क्रोएशियातील झादर येथील सागरी ऑर्गनला (२००५) वीजही लागत नाही. वास्तुकार निकोला बाशिच यांनी पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांखाली ३५ नळ्या बसवल्या आहेत. लाट आत शिरली की हवा दाबली जाते आणि पायऱ्यांतल्या छिद्रांतून सूर उमटतो. मोठी बोट गेली की थोड्या वेळाने सूर दाटतात. वादक समुद्र असल्याने तोच मेळ पुन्हा जसाच्या तसा येत नाही.

मानवी गळ्यालाही इथे जागा आहे. सुझन फिलिप्सने २०१० मध्ये ग्लासगोच्या क्लाइड नदीवरील पुलांखाली आपल्याच अप्रशिक्षित आवाजातले जुने स्कॉटिश विलापगीत ऐकवले. ब्रिटनमध्ये समकालीन दृश्यकलेसाठी दिले जाणारे त्या वर्षीचे टर्नर पारितोषिक तिला मिळाले. ध्वनिकृतीला हा मान पहिल्यांदाच मिळत होता.

आवाज किती ठेवायचा, हा या कलेतला सर्वांत अवघड प्रश्न. वाटसरू रचना मिनिटभर ऐकतो, पण शेजारच्या दुकानात काम करणारा ती दिवसभर ऐकतो. ओळखू येणारी चाल असेल तर त्याला ती आठवड्याभरात नकोशी होईल. संथ, धूनविरहित नाद या जागांना जास्त मानवतो तो यामुळेच.